जादूगाराच्या खोलीतला दिवा

परवा सकाळी बेल वाजली. दारात शेजारच्या काकू, हातात झाकणाची वाटी. विरजण हवं होतं. मी आत वळले तेवढ्यात त्यांची नजर डायनिंग टेबलावर गेली आणि त्या चपला काढून आतच आल्या.

‘अगोबाई, हे काय गं?’

‘जादूगाराची खोली आहे, काकू.’

‘नातवासाठी केलीस होय?’

‘नातू कुठाय मला अजून!’

‘मग गौरींपुढे मांडायला?’

‘नाही हो.’

‘कुणाची ऑर्डर आहे का?’

‘नाही, अशीच केली.’

काकूंनी एकदा खोलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘मग?’

विरजण घेऊन काकू गेल्या. तो ‘मग?’ मात्र आमच्याच घरी राहिला. चार दिवस झाले, पोळ्या लाटताना, भाजी निवडताना तो मध्येच डोकं वर काढतोय. म्हटलं, आज तुमच्याशीच बोलावं.

आधी खोली कशी आहे ते सांगते. दहा इंच लांब, आठ इंच रुंद, दहा इंच उंच. आपल्या एका फुटाला तिथे एक इंच, असं माप. म्हणजे आपलं अडीच फुटी टेबल तिथे अडीच इंचाचं, आपलं साडेसहा फुटी दार तिथे साडेसहा इंचाचं. भिंती तीनच, चौथ्या बाजूने आपण डोकवायचं. भिंती सनबोर्डच्या. अंड्यांच्या ट्रेचा तो करडा पुठ्ठा असतो ना, तो नखाएवढा फाडून एकेक तुकडा फेविकॉलने चिकटवला. त्यावर काळ्या शाईचं पाणी फासलं, वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने राखाडी रंग नुसता ओझरता फिरवला, की झाली जुन्या किल्ल्याची दगडी भिंत. आइस्क्रीमच्या काड्या चहाच्या पाण्यात भिजवून जमीन केली. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या शेल्फवर ठेवल्या, तर तिथे त्या लोणच्याच्या बरण्यांएवढ्या दिसायला लागल्या! मग लहान बाटल्यांसाठी तुटलेल्या माळेचे काचमणी वापरले. काढे उकळायची कढई म्हणजे पिंगपाँगचा अर्धा चेंडू, त्याला एम-सीलचा काठ आणि वरून काळा रंग. भविष्य पाहायचा काचेचा गोळा म्हणजे साधी गोटी. खराट्याची काडी आणि सुतळी यांचा उडता झाडू. पुस्तकं बासष्ट. त्यातली उघडतात तीन. बाकीची नुसती पाठ दाखवून उभी आहेत, बऱ्याच घरांतल्या शोकेसमधल्या ग्रंथांसारखी.

जादूगार स्वतः खोलीत नाही. एक करून पाहिला होता, पण तो बसवला की सगळं बाहुलीघर वाटायला लागलं. काढला, खुर्ची जराशी मागे सरकवून ठेवली, आणि वाटलं की कुणीतरी आत्ताच उठून बाहेर गेलंय.

हे खूळ आलं कुठून? लेकीच्या हॅरी पॉटरच्या पुस्तकांतून. १९९७ ते २००७ या दहा वर्षांत त्याचे सातही भाग आले आणि आमच्याकडे त्यावरून अभ्यासाच्या नावाने रडारड झाली. लेक आता बंगळुरूला, पुस्तकं माळ्यावर. निवृत्तीनंतर एका दुपारी ती खाली काढली. मंत्र, झाडूवरचे खेळ, सगळं मजेचं आहेच. पण माझ्या मनात राहिली ती हेडमास्तरांची गोल खोली. नाजूक चांदीची यंत्रं, भिंतीभर तसबिरी, ढीगभर पुस्तकं. आणि मुख्य म्हणजे दार! आत बसलेल्या माणसाला ‘अहो, गॅसवर काय ठेवलंय?’ असं कुणी विचारत नाही.

मैत्रिणींनो, मला त्या खोलीचा चक्क हेवा वाटला. चौतीस वर्षं दोन बेडरूमच्या घरात संसार केला. एक खोली सासूसासऱ्यांची, एक आमची आणि मुलांची, हॉल आल्यागेल्याचा. स्वयंपाकघर तेवढं ‘माझं’ म्हणायचं, आणि तिथे बसायला खुर्ची नाही. व्हर्जिनिया वुल्फने १९२९ साली लिहून ठेवलं की लिहिणाऱ्या बाईला पैसा हवा आणि स्वतःची खोली हवी. मी काही लेखिका नव्हे. पण न लिहिणाऱ्या बाईलाही खोली हवीशी वाटते हो. खरी मिळाली नाही, म्हणून दहा इंची केली, इतकं ते सरळ आहे. काकूंना मात्र हे सकाळी सकाळी, विरजणाची वाटी हातात असताना, कसं सांगायचं?

आता दिव्यांबद्दल. हे जरा सविस्तर सांगणार आहे, कारण खोलीपेक्षा माझा जीव त्यातच जास्त अडकला.

आमचं लहानपण साताऱ्याला, वाड्यात. दिवाळीत किल्ला व्हायचा. माती आणायची आम्ही मुलींनी, ती चाळायची मुलींनी, अळीव पेरून त्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं तेही मुलींनी. मावळे मांडताना आम्हाला थोडा मान असायचा. (मापाचा तर आनंदच! महाराज बुरुजापेक्षा उंच आणि पायथ्याचा वाघ हत्तीएवढा.) पण किल्ल्यावर दिवे लावायची वेळ आली, की भाऊ टॉर्चचे बल्ब आणि वायर घेऊन पुढे यायचा आणि आम्हाला हुकूम व्हायचा, ‘ए, हात लावू नका, शॉक बसेल.’ टॉर्चच्या सेलचा शॉक! पण आम्ही निमूटपणे मागे सरकायचो आणि दिवा लागला की टाळ्या वाजवायचो. पुढे लग्न झालं, फ्यूज उडाला की नवऱ्याला हाक, गणपतीच्या मखराला माळा सोडायच्या की दिराला हाक. मला कुणी मनाई केली होती असं नाही. पण वायर कधी माझ्या हातात आलीच नाही आणि मीही ती मागितली नाही.

या खोलीसाठी पहिल्यांदा मी आपली बाजारातली तयार माळ आणली, पांढऱ्या शुभ्र दिव्यांची. छताला चिकटवली, बटण दाबलं... आणि दोन महिन्यांची मेहनत एका क्षणात औषधाच्या दुकानासारखी दिसायला लागली! दगड पुठ्ठ्याचे दिसले, कढई चेंडूची दिसली, फेविकॉलचे ओघळसुद्धा चकाकले. त्या रात्री मी रडले नाही, पण नवऱ्याशी उगाच भांडले.

मग एक दिवस हिय्या करून बुधवार पेठेत गेले. पासोड्या विठोबाच्या आसपास ती इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत, तिथे. ‘एलईडी हवेत, बारके,’ म्हटलं. दुकानदाराने वर न पाहताच विचारलं, ‘मुलाच्या प्रोजेक्टला का?’ ‘नाही, माझ्या,’ म्हटलं. मग त्याने वर पाहिलं. पुढचा अर्धा तास मात्र त्या माणसाने मला जे शिकवलं, तसं भौतिकशास्त्र मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. एलईडीला दोन पाय असतात, लांब तो धन, आखूड तो ऋण. उलटा लावला तर तो पेटत नाही. आणि त्याच्यासोबत रेझिस्टर लागतोच लागतो. मी अतिशहाणपणाने घरी येऊन नऊ व्होल्टच्या बॅटरीला एक नुसताच जोडून पाहिला. एकदा डोळे दिपवून गेला तो गेलाच. दुसऱ्याचंही तेच. मग मुकाट्याने रेझिस्टर घेतला.

पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट पुरतात. घरात पडलेला मोबाइलचा जुना चार्जर पाच व्होल्ट देतो. वरचे दोन व्होल्ट रेझिस्टरने अडवायचे. शंभर ओहमचा लावला तर दिवा लख्ख. तीनशे तीसचा लावला तर शांत, समईसारखा. हजारचा लावला तर अगदी मिणमिणता, पण दिसतो! हे मला कळलं त्या दिवशी मी घरभर नाचायचीच बाकी होते. म्हणजे उजेडसुद्धा मिठासारखा असतो, चवीपुरता घालता येतो! आणि आमच्या खोलीला तो हजारवालाच हवा होता.

दुसरी गोष्ट समजली ती मापाची. आपला तीन मिलिमीटरचा बारका एलईडी त्या घरात छत्तीस मिलिमीटरचा, म्हणजे दीड इंच जाड होतो. तो छताला उघडा लावला तर जादूगाराच्या डोक्यावर नारळ लोंबल्यासारखा दिसणार. म्हणून दिवा दाखवायचा नाही, उजेड दाखवायचा. मेणबत्ती जाडजूडच केली. स्ट्रॉचा तुकडा कापून आत एलईडी बसवला आणि ग्लू गनने बाहेरून ओघळ सोडले, वितळलेल्या मेणाचे. ज्योत लुकलुकावी म्हणून दिवाळीतली बॅटरीवरची प्लॅस्टिकची पणती फोडली. तिच्यातल्या एलईडीतच ते लुकलुकणं भरलेलं असतं, वेगळं काही करावं लागत नाही.

शेकोटीसाठी नारिंगी आणि लाल असे दोन दिवे जमिनीखाली लपवले. वर निखारे हवेत. काय वापरावं? तीन दिवस सुचेना. मग आठवलं, लहानपणी फुटक्या बांगड्यांचे तुकडे डबीत साठवायचो आपण, खेळायला! काचेच्या लाल आणि पिवळ्या बांगड्या आणल्या, रुमालात गुंडाळून बत्त्याने हलकेच फोडल्या आणि ते तुकडे दिव्यावर रचले. अहाहा! खरे निखारे धगधगावेत तसे.

आणि खिडकी. खिडकीबाहेर जराशा निळसर पांढऱ्या उजेडाचा एक दिवा, त्याच्यापुढे बटर पेपर. ते चांदणं. आत पिवळा-तांबूस उजेड आणि बाहेर गार निळा, एवढं केलं आणि आठ इंचांची खोली एकदम खोल वाटायला लागली. बाहेर थंडी आहे, आत ऊब आहे, हे काहीही न सांगता कळतं. गंमत म्हणजे सगळ्यात जास्त वेळ कशात गेला असेल? अंधार करण्यात! सनबोर्डच्या जोडांमधून आणि भिंतीतूनसुद्धा उजेड गळत होता. मागून काळा कागद आणि त्यावर पोळ्या गुंडाळायची चांदीची फॉइल लावली, तेव्हा कुठे आतल्या दिव्याला अर्थ आला.

तर हे असं. आता काकूंच्या ‘मग?’कडे येते.

माझ्या आईने १९९० साली माझ्या लग्नाचं रुखवत केलं. दोन महिने रात्री जेवणं आटोपल्यावर ती आणि मावश्या बसायच्या. गव्हले, मालत्या, नखुल्या... गव्हाच्या दाण्याएवढा गव्हला बोटांच्या चिमटीत वळायचा, आणि असे शेकड्यांनी. सुपाऱ्या रंगवून सप्तपदी केली, खोबऱ्याच्या वाटीचा पाळणा, कापडाचं तुळशीवृंदावन. माप बिप कुणी काढलं नव्हतं, पण पाळण्यातलं बाळ पाळण्यात मावत होतं. कार्यालयात ते सगळं जेमतेम चार तास मांडलं होतं. व्याहीमंडळींनी येताजाता पाहिलं, ‘छान हो’ म्हणाले आणि संध्याकाळी खोक्यात भरलं. दोन महिने आणि चार तास! तेव्हा आईला कुणी विचारलं नाही, ‘उपयोग काय?’ कारण ते लेकीच्या लग्नाचं होतं. गौरीची आरास, मुलांच्या शाळेतली मॉडेलं (ती कोण करतं हे तुम्हाला मला माहीत आहे), मंगळागौर, डोहाळजेवण... बाईच्या हातातल्या कलेला आपल्याकडे कधी कुणी अडवलं नाही. फक्त ती कुणाच्या तरी निमित्ताने बाहेर यायला हवी. निमित्त नसेल तर आपल्यालाच चोरट्यासारखं होतं. मी स्वतः पहिले पंधरा दिवस कुणी आलं की खोलीवर ओढणी टाकत होते, हे कबूल करते.

आणि आता नवीन निमित्त आलंय, पैसा. खोलीचे फोटो भिशीच्या ग्रुपवर टाकले तर पहिल्या दहा प्रतिक्रियांपैकी सात एकच होत्या, ‘ऑर्डरी घे ना!’ प्रेमाने म्हणतात, मला समजतं. बाईने चार पैसे मिळवावेत, स्वतःच्या कलेला मोल मिळावं, यासाठी आपल्या आधीच्या पिढीने फार सोसलंय, आणि ज्यांना गरज आहे त्यांनी जरूर विकावं. माझी एक मामेबहीण पणत्या रंगवायची, फार सुरेख. सगळ्यांनी भरीला घातलं, तिने ऑर्डरी घेतल्या. गेल्या दिवाळीत तिच्या घरी गेले तर दारात साधी मातीची पणती. म्हणाली, ‘अगं, चारशे रंगवल्या लोकांच्या, आता ब्रश पाहिला तरी मळमळतं.’ छंदाला दुकान करायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, एवढंच माझं म्हणणं. पण आपण दुसरीच्या हातात काही सुंदर दिसलं की पहिल्या श्वासाला किंमत विचारतो, ते सोडू या का जरा? ‘कसं केलंस गं?’ असं विचारायला काय हरकत आहे? मी तर तासभर सांगेन! (सांगतेच आहे.)

या चिमुकल्या खोल्यांचं वेड तिकडे जुनं आहे. इंग्लंडच्या मेरी राणीसाठी १९२१ ते १९२४ या काळात एक बाहुलीघर बांधलं, त्याचा वास्तुरचनाकार कोण, तर आपल्या नव्या दिल्लीचे ल्यूटेन्स. माप हेच, फुटाला इंच. त्यात विजेचे दिवे लागतात, नळाला गार आणि गरम पाणी येतं. विंडसरच्या राजवाड्यात ते आजही पाहायला मिळतं. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये श्रीमती थॉर्न यांच्या अडुसष्ट खोल्या आहेत, त्याही याच मापाच्या. पण मला सगळ्यात जवळची वाटते ती फ्रान्सिस ग्लेसनर ली.

ही बाई १८७८ सालची, शिकागोच्या गडगंज घरातली. भाऊ हार्वर्डला गेला, हिला कॉलेजला पाठवलं नाही. विणकाम, भरतकाम, बाहुलीघराचं सामान हे तेवढं शिकवलं. पन्नाशी उलटल्यावर वडिलोपार्जित पैसा हातात आला, तेव्हा हिने काय केलं? १९४०च्या दशकात त्याच बाहुलीघराच्या मापात खोल्या केल्या, पण त्यात प्रेतं ठेवली! आत्महत्या की खून की अपघात, हे तपासायला पोलिसांना शिकवण्यासाठी. खिडक्यांचे पडदे वरखाली होतात, दिवे लागतात. बाहुल्यांचे पायमोजे तिने टाचण्यांवर विणले. न्यू हॅम्पशायरच्या पोलिसांनी १९४३ साली तिला मानद कॅप्टन केलं. तिच्या अठरा खोल्या बाल्टिमोरमध्ये पोलिसांना शिकवण्यासाठी वापरल्या जातात. २०१७ साली त्या वॉशिंग्टनच्या रेनविक गॅलरीत मांडल्या तेव्हा आतले जुने, तापणारे बल्ब काढून एलईडी बसवले. हे वाचलं तेव्हा मला उगाच माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं.

ही गोष्ट मी नवऱ्याला मोठ्या तोऱ्यात सांगितली. ‘बघा, बाहुलीघरातून गुन्हे उकलले!’ आणि सांगता सांगता जीभ चावली. पुन्हा तेच की! मी उपयोगच सिद्ध करत होते. ली बाईंच्या खोल्यांचा उपयोग झाला, उत्तम. माझ्या खोलीचा होणार नाही. तिच्यात खून नाही, धडा नाही, कुणाचं लग्न नाही. संध्याकाळी साडेसातला मी चार्जरचं बटण दाबते, दहा मिनिटं आत बघत बसते, बंद करते आणि कुकर लावते.

‘तुला वेळ आहे बाई,’ असं एक मैत्रीण म्हणाली, ते मात्र लागलं, कारण ते खरं आहे. मला पेन्शन आहे. नोकरीत असताना रात्री अकराला आडवं पडल्यावर छताचा पंखासुद्धा दिसायचा नाही. तेव्हा कुणी मला छंद जोपास म्हटलं असतं तर मी लाटणं उगारलं असतं. म्हणून मी कुणाला ‘तूही कर’ असं म्हणत नाहीये. आणि ज्यांना सगळं पहिल्यापासून करायला वेळ नाही त्यांच्यासाठी तयार संच मिळतात, लेझरने कापलेले, दिव्यासकट. ते म्हणजे विकतचं पुरण आणून केलेली पोळी. वाईट लागते असं नाही, पण पुरण वाटताना कुणी चोरून खाल्लेलं नसतं.

सासूबाईंचं एक सांगायचं राहिलं. वय वर्षं सत्त्याऐंशी. त्यांनी चष्मा लावून खोली पाहिली आणि हळूच विचारलं, ‘हे जादूटोण्याचं नाही ना गं काही? घरात कशाला?’ मी त्यांना समजावलं, गोष्टीतला जादूगार आहे, पांढऱ्या दाढीचा, ज्ञानी. ‘मग असू दे,’ म्हणाल्या. नंतर माझ्याच मनात आलं, हीच खोली, हेच काढे, हीच पुस्तकं, आणि आत राहणारी म्हातारी आहे असं सांगितलं असतं तर? आपल्या गोष्टींत दाढीवाला असला की जादूगार आणि बाई असली की चेटकीण. चेटकीण ठरवून बायकांना मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं, म्हणून तर २०१३ साली महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. खुर्चीवर एक चौकटीची शाल टाकली होती मी जादूगाराची. ती काढली आणि आईच्या जुन्या इरकलीचा काठ होता, त्याची घडी ठेवली. आता आत कोण राहतं ते ज्याने त्याने ठरवावं.

राहिल्या आमच्या कामाच्या मावशी. पंधरा वर्षं आहेत आमच्याकडे. त्यांनी तीन महिने ही खोली होताना पाहिली, टेबल पुसताना एकदाही काही हललं नाही. काही बोलल्या मात्र नव्हत्या. परवा, काकू येऊन गेल्या त्याच दिवशी, मी मुद्दाम खिडक्यांचे पडदे ओढले आणि त्यांच्यासाठी दिवे लावले. झाडू भिंतीला टेकवून, गुडघ्यांवर हात ठेवून त्या वाकल्या आणि बराच वेळ आत पाहत राहिल्या. मेणबत्ती पाहिली, निखारे पाहिले. ‘बांगड्या व्हय ह्या?’ त्यांना लगेच ओळखू आल्या. मग सरळ उभ्या राहून म्हणाल्या,

‘ताई, सगळं झ्याक हाय. पन ह्यो जेवतो कुटं?’

मी पुन्हा पाहिलं. खरंच की! कढई आहे, पण ती काढ्याची. चूल नाही, पोळपाट नाही, पाण्याचा माठ नाही. जगातल्या कुठल्याही जादूगाराच्या खोलीत ते नसतं. पुस्तकात हॅरी पॉटरच्या शाळेतसुद्धा शेकडो मुलांचा स्वयंपाक तळघरात एल्फ करतात, बिनपगारी, आणि चौथ्या भागात हर्मायनी त्यावरून चळवळ काढते तर सगळे तिला हसतात. चौतीस वर्षं स्वयंपाकघरात उभी राहून मी पहिली मनाजोगती खोली केली, तिच्यात स्वयंपाक ठेवलाच नाही, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही!

‘करू का चूल?’ मी मावशींना विचारलं. जागा होती, शेकोटीशेजारी दीड इंच.

मावशींनी विचार केला. ‘नगा करू,’ म्हणाल्या. ‘चूल केली की भांडी आली. डबा लावा त्याला.’

दुपारी बसले. औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाची चांदी, पेन्सिलीवर गुंडाळून तीन पुडं केली, स्टेपलरची पिन वाकवून कडी केली. पाऊण इंचाचा डबा झाला. तो दाराशी, उंबऱ्याच्या आत ठेवलाय. संध्याकाळी दिवे लावले की शेकोटीचा उजेड थेट तिथपर्यंत पोचतो आणि डब्याचं झाकण चमकतं. मावशींनी दुसऱ्या दिवशी येऊन आधी तो पाहिला, मग झाडू घेतला.